वस्तीत मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी केंद्र सुरू करायचंय? जागेपासून हजेरीपटापर्यंत, क्रमाने

मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, कुठल्याही मोठ्या शहराच्या वस्तीत एक तरी कुलूपबंद खोली असते. बाहेर पाटी असते 'समाजमंदिर' किंवा 'अभ्यासिका', आणि आत मांडवाचं सामान भरलेलं असतं. खोली बांधायला निधी मिळाला, उद्घाटन झालं, पण ती रोज उघडणार कोण हे कुणी ठरवलं नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नेबरहूड हाऊस सुरू केलं. वस्तीत काम करायला शिकलेली माणसं हवीत, हे तिथल्या अनुभवातूनच पटलं आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तुमचं केंद्र एका खोलीचं असलं तरी त्यासाठी लागणारी शिस्त तीच आहे.

इथली उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत. कायदे सगळ्या महाराष्ट्राला लागू आहेत. महापालिकेतल्या विभागांची नावं तेवढी शहरागणिक बदलतात.

१. आधी वस्तीचं घड्याळ समजून घ्या

केंद्राची वेळ तुमच्या सोयीने ठरवलीत तर महिन्याभरात हजेरी गळते. चाळीस-पन्नास घरांत जा. दोघं जा, त्यातली एक बाई असू द्या. एका दुपारी जा, एका संध्याकाळी जा आणि एका रविवारी जा, कारण तिन्ही वेळी घरात वेगळी माणसं भेटतात. या गोष्टी लिहून घ्या:

- नळाला पाणी किती वाजता येतं आणि ते कोण भरतं. पाणी बहुतेक घरांत मुलीच भरतात. पाणी सहाला येत असेल, तर सहाचा वर्ग मुलींसाठी बंदच समजा.
- मुलं सकाळच्या शाळेत आहेत की दुपारच्या. एकाच गल्लीत दोन्ही असतात.
- घरकामाला जाणाऱ्या बाया किती वाजता परततात.
- खाजगी क्लास कुणाला आहे आणि तो कधी सुटतो.
- अंधार पडल्यावर कुठल्या गल्लीतून मुलींना पाठवत नाहीत, आणि का. दारूचा गुत्ता असतो, बंद दिवा असतो, कधी टवाळ पोरांचा कट्टा असतो.
- शौचालय कुठे आहे आणि रात्री किती वाजता बंद होतं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे 'तुम्हाला काय हवंय?' हा प्रश्न. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: कॉम्प्युटर क्लास आणि इंग्लिश स्पीकिंग. त्यापेक्षा विचारा, 'काल संध्याकाळी तुमची मुलगी अभ्यासाला कुठे बसली होती?' दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं यांच्यामध्ये ती कुठे बसते, हे ऐकलंत की केंद्रात काय हवं ते वेगळं विचारायची गरज उरत नाही.

२. एका कामाने सुरुवात करा, आणि ते काम अभ्यासिका असू द्या

पहिल्याच फलकावर योगा, कराटे, शिवण, मेंदी, स्पर्धा परीक्षा असं सगळं लिहू नका. बारापैकी आठ गोष्टी तीन महिन्यांत बंद पडतात आणि 'तिथे काही चालत नाही' हे वस्तीत पक्कं होतं. ते पुसायला वर्ष जातं.

अभ्यासिकेला खर्च सगळ्यात कमी लागतो. शिक्षक नसला तरी ती चालते. बसायला जागा, उजेड, पंखा आणि शांतता मिळाली तरी मूल येतं. आईवडिलांचाही तिला विरोध नसतो, त्यामुळे मुलींना घरातून सोडवून घ्यायला सगळ्यात सोपी वाट हीच. मुलं रोज येऊ लागली की मागोमाग आया येतात, आणि मग बाकीची कामं आपसूक समोर येतात.

सुरुवातीचं वेळापत्रक साधारण असं ठेवता येतं. तुमच्या पाहणीप्रमाणे ते पुढेमागे करा.

- दुपारी २ ते ४: बायकांसाठी, कागदपत्रांची मदत
- ४ ते ६: पहिली ते सातवी
- ६ ते ८: आठवी ते बारावी
- ८ ते १०: कॉलेजची आणि काम करून शिकणारी मुलं

रोज आठ तास जमणार नसतील तर दोनच तास घ्या, पण आठवड्याचे सहाही दिवस घ्या. सोमवार-गुरुवार चालणारं केंद्र मुलं विसरतात. पाऊस असो की कार्यकर्ता आजारी असो, ठरलेल्या वेळी दार उघडलंच पाहिजे. त्यासाठी चावी दोन घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर वस्तीतलंच हवं.

मे महिन्यात आणि गणपतीत मुलं गावी जातात, हजेरी निम्म्यावर येते. त्याने खचू नका, आणि त्या आकड्यावरून काही बंदही करू नका. डिसेंबर ते मार्च मात्र दहावी-बारावीची इतकी गर्दी होते की धाकट्यांची वेळ कमी करावी लागते. तेव्हा पालकांना आधीच सांगून ठेवा.

३. जागा मिळवा, आणि ती कागदावर मिळवा

जागा तीन प्रकारे मिळते.

*सोसायटीची खोली.* मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींसाठी बालवाडी आणि कल्याण केंद्रासारख्या खोल्यांची तरतूद आहे. युवा केंद्र-वाचनालयाचाही त्यात पर्याय आहे. अशा अनेक पुनर्वसन (एसआरए) इमारतींत या खोल्या आहेत आणि वापराविना पडून आहेत. तुमच्या वस्तीजवळ अशी इमारत असेल तर पहिलं दार तिचंच ठोठवा. परवानगी सेक्रेटरीच्या तोंडी शब्दावर घेऊ नका. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या आणि त्यात वापराचे दिवस, वेळ, वीजबिल कोण भरणार, सोसायटीला स्वतःच्या सभेसाठी खोली कधी लागणार, हे सगळं लिहून घ्या. कमिटी बदलली की तोंडी परवानगी संपते आणि चावी परत मागितली जाते. केंद्रं बंद पडण्याचं हे फार मोठं कारण आहे.

*महापालिकेचं समाजमंदिर किंवा कल्याण केंद्र.* आमदार-खासदार निधीतून बांधलेली वास्तू त्या आमदाराची नसते, ती सरकारी मालमत्ता असते. त्यामुळे नुसतं शिफारसपत्र पुरत नाही, जागा ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तिचं वाटपपत्र लागतं. मुंबईत वॉर्ड ऑफिसमधल्या समाज विकास अधिकाऱ्यांपासून सुरुवात करा, पुण्यात समाज विकास विभागापासून. जागा म्हाडाने बांधलेली असेल तर ती महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का, हे आधी लेखी विचारा, नाहीतर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वास्तू निवडणुकीत मतदान केंद्र म्हणून घेतल्या जातात. तेवढे दिवस अभ्यासिका कुठे बसवायची ते आधी ठरवा.

*भाड्याची खोली.* महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. नोटरी केलेला कागद पुरत नाही. अकरा महिन्यांचा करार करणार असाल तर नूतनीकरण आणि भाडेवाढ त्यातच ठरवून घ्या. मीटर घरगुती वापराचा असेल आणि तुम्ही तिथे संस्था चालवत असाल, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वीज कंपनीकडून वापराचा प्रकार बदलून घ्या. अर्ज मूळ मालकाच्या नावानेच करावा लागतो, म्हणून सही करारादिवशीच घ्या.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: जागेच्या बदल्यात कुठल्याही पक्षाचा किंवा नेत्याचा फलक खोलीवर लावू नका. आभाराचं पत्र द्या, कार्यक्रमाला बोलवा. पण एकदा फलक लागला की दुसऱ्या गटाच्या घरांतली मुलं यायची थांबतात, आणि ती कधीच सांगणार नाहीत की का थांबली.

४. खोली तयार करा

हिशेब वीस बाय पंधरा फुटांच्या, म्हणजे तीनशे चौरस फुटांच्या खोलीचा धरू. जमिनीवर बसून वही-पुस्तक पसरणाऱ्या मुलाला दहा ते बारा चौरस फूट लागतात. म्हणजे एका वेळी पंचवीस मुलं. चाळीस कोंबलीत तर अभ्यास होत नाही आणि मोठी मुलं आधी निघून जातात. पंचविसाच्या वर नावं आली तर दोन पाळ्या करा.

- २० वॉटच्या एलईडी ट्यूब ५ ते ६. दोन ट्यूबवर भागवलेल्या खोल्याच जास्त दिसतात. तिथे मागच्या रांगेतली मुलं दाराशी सरकून बसतात.
- छताचे पंखे ३. मार्चमध्ये पंखा नसेल तर परीक्षेच्या तोंडावर खोली रिकामी होते.
- सतरंज्या आणि घडी होणारी बैठी टेबलं. खुर्च्या नकोत, त्या निम्मी जागा खातात.
- ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. विजेचा धक्का जीवघेणा होण्याआधी तो प्रवाह तोडतो. इलेक्ट्रिशियनने 'एमसीबी आहे ना' म्हटलं तर ऐकू नका, एमसीबीचं काम वेगळं, तो जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं तर प्रवाह तोडतो.
- एबीसी पावडरचं ४ किंवा ६ किलोचं आयएसआय मार्कचं अग्निशामक, दाराजवळ. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघा.
- प्रथमोपचार पेटी, २० लिटरचा पाण्याचा जार, लोखंडी कपाट.

पाणी भरणाऱ्या भागात असाल तर स्विचबोर्ड जमिनीपासून चार-पाच फूट वर घ्या, आणि पुस्तकं व कागद वरच्या फळीवर ठेवा. २६ जुलै २००५ ला मुंबईत ज्या वस्त्या बुडाल्या, तिथे आजही खालच्या फळीवर कुणी काही ठेवत नाही.

खोलीला शौचालय नसेल तर मुलींची हजेरी सातवीनंतर घसरते. शेजारच्या सार्वजनिक शौचालयाच्या चालकाशी बोला आणि केंद्राच्या मुलींसाठी महिन्याचे पैसे केंद्राने भरायचे असं ठरवा. पाणी, कडी आणि दिवा यांची पाहणी एखाद्या ताईने दर आठवड्याला करावी. सॅनिटरी पॅड कपाटात ठेवा, आणि ते कुठे आहेत हे मुलींना मागावं न लागता कळू द्या.

कॅरम पहिल्या तीन महिन्यांत आणू नका. तो आला की वीस-बावीस वर्षांची मुलं ताबा घेतात, पैसे लावून खेळ सुरू होतो, आणि धाकटी मुलं व मुली दारातूनच परत जातात. नंतर आणाल तेव्हा वेळ ठरलेली ठेवा आणि मुलींच्या पाळीलाही तो मिळू द्या.

५. माणसं नेमा

पंचवीस मुलांच्या पाळीला दोन मोठी माणसं लागतातच. एकजण दारावर आणि हजेरीवर, दुसरा मुलांमध्ये. निदान एकजण वस्तीतला असावा, आणि मुलींच्या पाळीला ताई असावीच. पूर्णवेळ समन्वयक एकच असला तरी चालेल, पण त्याला पगार द्या. केवळ हौशी कार्यकर्त्यांवर रोजचं दार उघडं राहत नाही. त्यांना नोकरी लागते, परीक्षा येते, लग्न होतं.

कॉलेजच्या मुलांची मदत घेताना 'जमेल तेव्हा या' म्हणू नका. 'दर मंगळवारी आणि शुक्रवारी सहा ते आठ, जूनपासून मार्चपर्यंत' असं सांगा. कमी जण तयार होतील, पण तेच टिकतील.

प्रत्येकाकडून घ्यायचे कागद: ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, आधीच्या कामाच्या ठिकाणच्या दोन माणसांशी फोनवर बोलल्याची नोंद, आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतं. ओळखीचा आहे, नगरसेवकाचा भाचा आहे, म्हणून कुणाला यातून सूट देऊ नका.

६. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावा

या पायरीत कसर ठेवलीत तर बाकी सगळं फोल आहे. नियम साध्या मराठीत आणि हिंदीत लिहा आणि पालकांना वाचून दाखवा.

- कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा थांबणार नाही. वेगळं बोलायचं असेल तर दार उघडं ठेवायचं.
- कार्यकर्त्याने मुलाला खाजगी मेसेज करायचा नाही. जे काही कळवायचं ते पालक असलेल्या गटावर.
- मुलांना एकटं घरी बोलवायचं नाही, गाडीवरून एकटं सोडायला जायचं नाही.
- पहिली ते सातवीच्या वेळेत अठरा वर्षांवरच्या मुलांना खोलीत प्रवेश नाही.
- फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच काढायचे. देणगीदाराला हवेत म्हणून चेहरा आणि नाव एकत्र छापायचं नाही.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे अठराखालचं प्रत्येकजण मूल आहे. लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून 'आधी विश्वस्तांची बैठक घेऊ' असं म्हणायचं नाही.

मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका. पुन्हा पुन्हा विचारू नका, तपशील खोदू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मुलाचे शब्द आहेत तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. चाइल्डलाइन १०९८ किंवा पोलीस ११२ ला फोन करा. वस्तीतले ज्येष्ठ आपसात मिटवायला पुढे येतील, ते मान्य करू नका. मुलाचं नाव, शाळा, गल्ली यातलं काहीही बाहेर जाऊ देऊ नका. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

सोळा-सतराच्या मुलामुलींचे प्रेमसंबंधही या कायद्याच्या कक्षेत येतात. हे त्यांना वेळेवर, न ओरडता सांगणं केंद्राचं काम आहे. हे सत्र महिला समुपदेशक किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून घ्या.

७. नोंदणी: कधी आणि कशी

पहिल्याच दिवशी संस्था नोंदवायची गरज नाही. पहिले सहा महिने एखाद्या नोंदणीकृत मंडळाचा, वाचनालयाचा किंवा संस्थेचा उपक्रम म्हणून काम करा. त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या आणि हिशेब वेगळा ठेवा. तेवढ्या काळात कोण टिकतं ते कळतं, आणि विश्वस्त निवडायला त्याहून चांगली कसोटी नाही.

महाराष्ट्रात प्रचलित मार्ग असा: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. त्यासोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी होते. लागणारे कागद:

- संस्थेचं विधानपत्र आणि नियमावली, ज्याला सगळे 'घटना' म्हणतात
- सात किंवा अधिक सभासदांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, संमतिपत्रं
- संस्था स्थापनेच्या सभेचा ठराव
- कार्यालयाच्या जागेचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल
- प्रतिज्ञापत्र, अधिकारपत्र आणि ठरलेलं शुल्क

चुका कुठे होतात? पहिली, सातही जण एकाच घरातले किंवा एकाच गल्लीतले असतात. मग भांडण झालं की संस्था थांबते. दुसरी, घटना कुठूनतरी उतरवलेली असते. उद्देशांमध्ये शिक्षण, क्रीडा, आरोग्य, महिला व युवा कल्याण स्पष्ट लिहा. संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे कलम नक्की घाला, प्राप्तिकर खातं ते बघतं. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: विश्वस्त बदलले, पण बदल अर्ज दिलाच नाही. कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यावा लागतो. दिला नाही तर नोंदवहीत जुनेच विश्वस्त राहतात, आणि बँक, न्यायालय, देणगीदार सगळे त्यांनाच विश्वस्त मानतात. सहा-सात वर्षांनी जुन्यांच्या सह्या गोळा करत फिरण्यापेक्षा निवडणुकीच्या सभेतच अर्जावर सह्या घ्या.

हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. संस्थेची इमारत विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. कर्ज काढायलाही परवानगी लागते.

करसवलतीसाठी प्राप्तिकर खात्याची नोंदणी वेगळी असते, तिला आजही सगळे बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नावरची सवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराची सवलत) म्हणतात. ती कायमची नसते, मुदत संपते. संपायच्या निदान सहा महिने आधी नवा अर्ज करायचा, ही तारीख कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. केंद्र आधीच चालू असेल तर कुठला अर्ज भरायचा ते सीएला विचारूनच ठरवा. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो.

८. पैसा

दार उघडण्याआधी सहा महिन्यांचं भाडं, वीजबिल आणि मानधन बँकेत असू द्या. संगणक, प्रोजेक्टर, रंगरंगोटी याला देणगीदार सहज मिळतो. समन्वयकाच्या पगाराला मिळत नाही, आणि केंद्र त्याच्यावरच चालतं. म्हणून मागतानाच पगार, भाडं, वीज असा पूर्ण खर्च मांडा.

मुलांकडून महिन्याला वीस-तीस रुपये घ्या, पावती द्या. अगदी फुकट असलेल्या गोष्टीबद्दल पालक जाब विचारत नाहीत. पैसे भरले की दार उशिरा उघडल्यावर बोलतात, आणि त्यांनी बोलायला हवं. ज्यांना परवडत नाही त्यांना माफी द्या, पण ती फक्त समन्वयकाला माहीत असावी.

पावतीपुस्तकांना छापील क्रमांक हवेत. बँकेचा व्यवहार दोन सह्यांनी. दोन हजार रुपयांवरची देणगी रोखीने घेतलीत तर देणाऱ्याला ऐंशी-जीची सवलत मिळत नाही, हे त्याला तिथेच सांगा. संस्थेची नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. गणपती मंडळं घेतात तीच.

९. कुटुंबांसाठी कागदपत्रांचा मदतकट्टा

आया पहिल्यांदा येतात त्या कागदांसाठीच. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय, उत्पन्नाचा दाखला हवाय, खाजगी शाळेतल्या राखीव जागेसाठी आरटीईचा फॉर्म भरायचाय. एक लॅपटॉप, एक प्रिंटर-स्कॅनर, एक वही, इतक्यावर हा कट्टा चालतो.

सगळ्यात जास्त अर्ज नावामुळे अडकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. म्हणून आठवीतच प्रत्येक मुलाचे हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवून तपासा. दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी शाळेत दुरुस्ती करून घेणं सोपं असतं. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक छापली गेली की ती निस्तरायला फार हेलपाटे पडतात.

आधारचे ठसे वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. पंधराव्याचं राहिलं की ऐन प्रवेशाच्या वेळी पडताळणी होत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. खातं आहे म्हणजे जोडलेलं आहेच असं नाही, बँकेत जाऊन खात्री करा.

दाखले तहसील कार्यालयाचे असतात, अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मात्र अपील उभं राहत नाही, म्हणून पोचीचा क्रमांक वहीत लिहा.

कट्ट्याचे तीन नियम मोडू नका. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, एक रात्रसुद्धा नाही. पासवर्ड आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा. 'काम करून देतो' असं म्हणायचं नाही, 'अर्ज भरायला मदत करतो' म्हणायचं, कारण मंजुरी तुमच्या हातात नाही.

मारहाण, नवऱ्याने घराबाहेर काढणं, पोटगी अशी प्रकरणं याच टेबलावर येतात. सल्ला देत बसू नका. महिला हेल्पलाइन १८१ द्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. तिथे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी स्वतंत्र बालवाडी काढण्याआधी अंगणवाडी सेविकेला भेटा. तिची पटसंख्या तुमच्यामुळे घटली तर वस्तीचंच नुकसान आहे.

१०. शाळा सुटलेली मुलं

ती अभ्यासिकेत स्वतःहून येत नाहीत. कट्ट्यावर, गॅरेजात, नाहीतर घरकामात असतात. दहावी नापास मुलाला सांगण्यासारखं बरंच असतं: जून-जुलैची पुरवणी परीक्षा, दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीने (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीने) अकरावी. शाळाच सोडली असेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस). १७ नंबरसाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि तो आणायला शाळेत परत जाण्याचीच मुलांना लाज वाटते. पहिल्या फेरीला कार्यकर्त्याने सोबत जावं.

फॉर्मची मुदत बोर्ड दरवर्षी जाहीर करतं आणि ती परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते. निकालाच्या आठवड्यातच नापास मुलांच्या घरी जा. निकालानंतरचे पहिले चार-पाच दिवस त्या मुलाला एकटं सोडू नका, असं घरच्यांना स्पष्ट सांगा.

११. जागा सोडावी लागली तर

इमारत पाडायला जाते, मालक खोली विकतो, निधी थांबतो. कारण काहीही असलं तरी पालकांची सभा घेऊन निदान महिनाभर आधी सांगा. परीक्षेच्या हंगामात असेल तर दहावी-बारावीच्या मुलांसाठी शाळेचा एखादा वर्ग किंवा जवळचं वाचनालय मार्चअखेरपर्यंत मागून घ्या. हजेरीपट, पावतीपुस्तकं, रोखवही, साठा नोंदवही आणि घडलेल्या प्रसंगांची नोंदवही विश्वस्तांच्या ताब्यात यादी करून द्या. वीज कंपनीकडे मीटरचं शेवटचं वाचन नोंदवा आणि अनामत परत मागा. कार्यालयाचा पत्ता बदलला की तोही बदल अर्जाने ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. पुस्तकं, टेबलं, पंखे देणगीतून आलेले असतील तर कार्यकर्त्यांमध्ये वाटून टाकायचे नसतात. ठराव करून दुसऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या आणि पोच घ्या.